फटफटीचें सुख

ज्या मास्तरानें छत्तीस वर्षें मुलांकडून शब्दरूपें आणि धातुरूपें घोकून घेतलीं, त्यानें उतारवयांत फटफटीवर निबंध लिहावा, ही गोष्ट कित्येक वाचकांना चमत्कारिक वाटेल. निवृत्त शिक्षकाला शोभणारे विषय ठरून गेलेले आहेत. पूर्वीची शिस्त आणि आतांची शिस्त, संस्कृत भाषेची उपेक्षा, एखादी तीर्थयात्रा, फार तर परसांतील गुलाब. या विषयांवर लिहावयास मला कोणीं मनाई केलेली नाहीं. पण ज्या वस्तूनें आयुष्यांत निर्भेळ आनंद दिला तिच्याविषयीं मौन पाळावें, आणि ज्या गोष्टींनीं केवळ प्रतिष्ठा दिली त्यांच्याविषयीं पानेंच्या पानें भरावीं, हें मला प्रामाणिकपणाचें वाटत नाहीं. शिवाय या विषयाशीं आमच्या घरांतील एक नाजूक प्रश्न 2023 सालीं निगडित झाला, आणि तसा प्रश्न आज पुष्कळ घरांतून उभा राहत असेल, अशी माझी समजूत आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमचें घर वाईचें. एका छपराखालीं अकरा माणसें नांदतात. वडिलांच्या माघारीं एकोणनव्वद वर्षांची आई हीच घराची मुख्य. मॅट्रिक झाल्यावर कॉलेजांत न जातां मी एका शास्त्रीबुवांच्या हाताखालीं कौमुदी केली आणि पुढें शाळेंत संस्कृत व मराठी शिकवूं लागलों. अशा मनुष्यानें सायकलवरून शाळेंत जावें, अशी जगाची अपेक्षा असते. आणि मींही बारा वर्षें ती पुरी केली. 1989 सालीं मात्र एका निवृत्त फौजदाराची जुनी बुलेट विकावयास निघाली. ती पाहण्यासाठीं म्हणून मी गेलों तो तिच्यावर बसूनच घरीं आलों. आईनें दारांत येऊन तिच्याकडे एकवार पाहिलें आणि म्हणाली, “म्हैस आणलीस कीं काय रे? दूध किती देते?” तेव्हांपासून आमच्या घरांत त्या गाडीला ‘म्हैस’ हेंच नांव रूढ झालें.

त्या काळच्या बुलेटला बटण दाबून जागें करण्याची सोय नव्हती. तिचा एक विधि होता, आणि तो यथासांग करावा लागे. प्रथम पेट्रोलची कळ उघडावयाची. मग किक हळूहळू दाबीत ॲमीटरच्या कांट्याकडे पाहावयाचें. कांटा मध्यावर येऊन ठरला म्हणजे आंतील दट्ट्या योग्य जागीं आला असें समजावयाचें. नंतर डाव्या हाताशीं असलेली लहान दांडी ओढून कोंडलेला दाब सोडावयाचा, किक किंचित् पुढें न्यावयाची, दांडी सोडून द्यावयाची, आणि मग सगळा देहभार घालून एकच ठाम किक! क्रम चुकला कीं किक उलटी येई आणि पोटरीला आठवडाभर तिची आठवण राही. गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला. पहिला गिअर वर आणि बाकीचे तीन खालीं. ज्यानें सूत्रें, वृत्ति आणि अपवाद यांत तारुण्य घालविलें, त्याला असें यंत्र आवडावें यांत नवल तें काय? व्याकरणाप्रमाणेंच तेंही नियम पाळणाऱ्यालाच प्रसन्न होत असे.

या यंत्राचें कुळ फार जुनें नाहीं. 1885 सालीं जर्मनींत गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनीं लांकडी सांगाड्यावर अर्ध्या अश्वशक्तीचें एंजिन बसवून एक दुचाकी तयार केली. तिला आधारासाठीं बाजूस दोन लहान चाकें होतीं, म्हणजे नुकतें चालूं लागलेल्या मुलाच्या पांगुळगाड्यासारखाच तो प्रकार होता. इंग्लंडांतील रेडिच गांवच्या रॉयल एन्फील्ड कारखान्यानें बुलेट हें नांव 1932 सालीं प्रथम वापरलें. 1955 सालीं मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथें ती गाडी बनविण्याचें काम सुरू झालें. पुढें 1967 सालीं रेडिचचा मूळ कारखाना बंद पडला, आणि मुळाची फांदी तुटली तरी पारंबीनें जीव धरावा त्याप्रमाणें मद्रासची शाखा तेवढी वाढत राहिली. माझी गाडी त्याच शाखेची. एकच सिलिंडर, 346 घनसेंटिमीटर क्षमता, अठरा अश्वशक्ति.

अठरा अश्वशक्ति हे शब्द आपण सहज उच्चारतों. पण त्यांचा अर्थ मनांत आणून पाहावा. एका मिनिटांत 33,000 पौंड वजन एक फूट उचलण्याचें सामर्थ्य म्हणजे एक अश्वशक्ति, असें माप जेम्स वॉटनें ठरविलें. अठरा घोडे ज्याच्या पागेंत असत तो पूर्वीं सरदार म्हणवीत असे. आणि येथें एक शाळामास्तर त्या अठरांना मुठीच्या एका पिळानें धांवावयास लावीत होता, आणि त्यांचा चंदीचा खर्च महिन्याच्या पगारांतून भागवीत होता!

शाकुंतलाचा पहिला अंक मीं वर्गांत किती वेळां शिकविला असेल याची मोजदाद नाहीं. दुष्यंताचा रथ हरिणामागें धांवत असतां वेगामुळें जवळचें आणि दूरचें, वांकडें आणि सरळ यांचा भेद डोळ्यांना कसा उरत नाहीं, याचें वर्णन तेथें कालिदासानें केलें आहे. मी त्याचा अन्वय लावीत असें, अलंकार सांगत असें, आणि पुढें जात असें. बुलेट आल्यावर एका सकाळीं पाचवडच्या रस्त्यावर तें वर्णन मला प्रथम कळलें. रस्त्याकडेचीं झाडें वेगळालीं न राहतां त्यांची एक हिरवी भिंत झाली. दूरवर ठिपक्यासारखा दिसणारा पूल डोळ्यांचें पातें लवतें न लवतें तों पुढें येऊन उभा राहिला. त्या दिवशीं माझी खात्री पटली कीं, हा कवि वेगवान् रथांत स्वतः बसलेला असला पाहिजे. घरीं बसून कल्पनेनें असें लिहितां येत नाहीं. त्यानंतर माझ्या वर्गांतील मुलांना तो अंक अधिक आवडूं लागला, आणि त्याचें श्रेय मी आजही म्हशीला देतों.

तथापि एवढ्यानें माझी तृप्ति झाली होती असें नाहीं. माझा पुतण्या पुण्यास एंजिनिअर आहे. त्यानें 2021 सालीं नवी इंटरसेप्टर 650 घेतली. हें वाहन 2018 सालीं बाजारांत आलें. दोन सिलिंडर, 648 घनसेंटिमीटर, सहा गिअर आणि 47 अश्वशक्ति. वजन दोनशें किलोहून अधिक. 2023 च्या ऑक्टोबरांत दिवाळीच्या आधीं तो घरीं आला असतां एका पहांटे मला म्हणाला, “काका, चला, पसरणीच्या घाटानें वर जाऊन येऊं.” मी कानटोपी काढून हेल्मेट घातलें आणि मागें बसलों.

घाटाचें तें चढण मीं जन्मभर पाहिलेलें. एस्. टी. तें कण्हत चढते, बुलेट तें खोकत चढे. या गाडीला तें चढण आहे हेंच जणूं ठाऊक नव्हतें. एका वळणावरून दुसऱ्या वळणाकडे आम्ही फेंकल्यासारखे जात होतों. आणि गंमत अशी कीं, आवाज मात्र खर्जांतच होता. खालीं कृष्णेचें खोरें धुक्यानें भरलेलें, धोमच्या धरणाचें पाणी मधूनच चकाके, आणि समोर पांडवगडाच्या माथ्यावर पहिलें ऊन. पांचगणीपुढें रस्ता मोकळा पाहून पुतण्यानें गाडी थांबविली आणि हँडल माझ्या हातीं दिलें. शेजाऱ्यांची साधी मोटारसायकल मी अधूनमधून चालवीत आलों होतों, त्यामुळें डाव्या पायाच्या गिअरांचा परिपाठ पायांना होता. भिलार फाट्यापर्यंत मी ती चालविली. तें भिलार म्हणजे 2017 पासून ‘पुस्तकांचें गांव’ म्हणून नांवाजलेलें. तेवढ्या पांच-सहा किलोमीटरांत एकदां, रस्ता सरळ व रिकामा दिसतांच, मीं मूठ थोडी अधिक पिळली. पाठींत कोणीतरी मोठ्या हातानें ढकलावें तसें झालें. छातींत एक लहर उठली ती कानशिलांपर्यंत गेली. साठ पावसाळे मागें पडलेला मनुष्य त्या क्षणीं कोणत्या वयाचा होता, हें मला सांगतां यावयाचें नाहीं.

वाचक विचारतील, हें सुख तें नेमकें कशाचें? केवळ वेगाचें म्हणावें, तर आगगाडींत आणि विमानांत याहून कितीतरी अधिक वेग असतो, आणि तेथें मनुष्य झोंपीं जातो. माझ्या मतें हें सुख समतोलाचें आणि एकाग्रतेचें आहे. दोन चाकांवरचें वाहन उभें केलें तर पडतें आणि चाललें तर तरतें. आणि वळतांना तर त्याला पडण्याच्या दिशेनेंच झुकावें लागतें. पन्नास मीटर त्रिज्येचें वळण ताशीं साठ किलोमीटर वेगानें घ्यावयाचें तर गाडीला सुमारें तीस अंश कलावें लागतें. तेंच वळण तीसच्या वेगानें घेतलें तर आठ अंश पुरतात. वेग दुप्पट झाला कीं वळणाला लागणारा जोर चौपट होतो, असा हा हिशेब आहे. त्याहून चमत्कारिक गोष्ट अशी कीं, डावीकडे वळावयाचें असेल तर डाव्या हातानें हँडल किंचित् पुढें ढकलावें लागतें. म्हणजे क्षणभर चाक उजवीकडे वळतें आणि गाडी डावीकडे कलते. विमानविद्येचे प्रवर्तक विल्बर राइट हे मूळचे सायकलींचे कारागीर. हें मर्म त्यांच्या ध्यानांत आलें होतें, आणि सायकल चालविणाऱ्यांना विचारलें असतां आपण असें करतों याची बहुतेकांना कल्पनाच नसते, असें त्यांना आढळलें. शरीर जें जाणतें तें बुद्धीला माहीत नसतें, याचें याहून चांगलें उदाहरण मला सुचत नाहीं.

अशा वेळीं मनांत दुसरा विचार येऊंच शकत नाहीं. वळणावरची वाळू, समोरून येणारा ट्रक, मागचा आरसा, मुठींतला क्लच, एवढेंच जग उरतें. घरांतील कुरबुरी, पेन्शनची थकबाकी, दुखरा गुडघा, सारें गळून पडतें. चित्त एकाग्र करण्याचे पुष्कळ उपाय आपल्या शास्त्रांनीं सांगितले आहेत. त्यांत फटफटीचा समावेश नाहीं, याचें कारण इतकेंच कीं, शास्त्रकारांच्या काळीं ती नव्हती.

परंतु या सुखाची दुसरी बाजू झांकून ठेवणें मास्तराला शोभणार नाहीं. 2006 सालीं माझा एक जुना विद्यार्थी, बावीस वर्षांचा, गुणी आणि आईबापांचा एकुलता एक, संध्याकाळीं मोटारसायकलवरून घरीं येतांना रस्त्यावर आडव्या आलेल्या गुराला चुकवितांना पडला. हातपाय धड होते. डोक्याला मार लागला आणि रात्रीं तो गेला. हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकविलेलें होतें. त्याला ओरखडाही नव्हता. त्याच्या वडिलांनीं तें घरीं आणून खुंटीला टांगून ठेवलें. मी भेटीला जाई तेव्हां माझी नजर तिकडे जाऊं नये म्हणून मी भिंतीकडे पाठ करून बसत असें.

पुढें कांहीं वर्षांनीं मीं टी. ई. लॉरेन्स यांच्या मृत्यूचा वृत्तांत वाचला, तेव्हां तें हेल्मेट पुन्हां डोळ्यांपुढें आलें. पहिल्या महायुद्धांत अरबस्तानांत नांव मिळविलेल्या या गृहस्थांना मोटारसायकलींचें विलक्षण वेड होतें. नॉटिंगहॅमच्या जॉर्ज ब्रफ यांच्या कारखान्यांतील एकापुढें एक सात गाड्या त्यांनीं वापरल्या, आणि आपल्या गाडीला ते बायबलांतील ‘बोअनर्जीस’ हें नांव देत. त्याचा अर्थ मेघगर्जनेचे पुत्र. आमच्या वेदांतील मरुद्गणही रुद्राचे पुत्र, वादळाबरोबर गर्जना करीत रथांतून धांवणारे. नांवें निराळीं, पण वेगाला मेघांचें कुळ लावण्याची मनुष्याची बुद्धि सर्वत्र एकच दिसते. 13 मे 1935 रोजीं इंग्लंडांतील डॉर्सेट परगण्यांत, घराजवळच्याच रस्त्यावर, सायकलींवरून जाणाऱ्या दोन मुलांना चुकवितांना लॉरेन्स पडले. डोक्यावर हेल्मेट नव्हतें. सहा दिवसांनीं, 19 मे रोजीं, ते वारले.

त्यांच्यावर उपचार करण्यास बोलावलेल्या शल्यविशारदांत ह्यू केअर्न्स हे तरुण मज्जाशस्त्रवैद्य होते. तो मृत्यु त्यांच्या मनाला लागून राहिला. मोटारसायकलवरून पडून डोक्याला इजा झालेल्या लोकांचा त्यांनीं पद्धतशीर अभ्यास केला आणि 1941 सालीं आपला निबंध प्रसिद्ध करून हेल्मेटाचें महत्त्व दाखवून दिलें. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ब्रिटिश सैन्यानें आपल्या मोटारसायकलस्वारांना तें सक्तीचें केलें. सामान्य नागरिकांसाठीं तसा कायदा व्हावयास तेथें 1973 साल उजाडावें लागलें. आपल्याकडील 1988 च्या मोटार वाहन कायद्यांतही 129 वें कलम याच गोष्टीसाठीं आहे. एका नामवंताच्या मृत्यूपासून एक वैद्य शिकला आणि असंख्य निनांवी माणसें वांचलीं. माझ्या विद्यार्थ्याच्या हातीं तें ज्ञान तयार होतें. तें आरशावर टांगलेलें राहिलें.

आतां आमच्या घरांतील प्रश्नाकडे वळतों. त्याच दिवाळींत, पुतण्याची धाकटी बहीण, माझी चोवीस वर्षांची पुतणी, जेवतांना सहज म्हणाली, “दादाची गाडी मला शिकायची आहे.” पानावरचे सगळे हात थांबले. माझा भाऊ म्हणाला, “गरज काय? दाराशीं स्कूटर आहे ना?” धाकटी भावजय दुसऱ्या दिवशीं मला एकटें गांठून म्हणाली, “भावोजी, तुम्हीच तिला समजवा. तुमचा शब्द ती खालीं पडूं देणार नाहीं.” तिच्या डोळ्यांत पाणी होतें. तिच्या माहेरच्या गल्लींतलाच तो माझा विद्यार्थी. त्याचें प्रेत घरीं आणलें तेव्हां ती तेथें होती. तिच्या भीतीला वेडगळ म्हणण्याचा अधिकार मला नव्हता.

मीं पुतणीला बोलाविलें. ती शांतपणें म्हणाली, “काका, दादानें गाडी घेतली तेव्हां कोणी गरज विचारली नाहीं. तुम्हीं म्हैस आणलीत तेव्हां तरी शाळेंत जायला तिची गरज होती का? मला ती चालवून पाहायची आहे, एवढेंच खरें कारण आहे.” या उत्तरावर मी बराच वेळ गप्प राहिलों. तिनें कांहीं खोटी निकड पुढें केली असती, तर मला नाहीं म्हणणें सोपें गेलें असतें. तिनें जें सांगितलें तें भिलार फाट्याजवळ मीं स्वतः अनुभविलेलें होतें. जें सुख मला सात्त्विक वाटलें, तेंच तिच्या बाबतींत अविचार कसें ठरावें?

स्त्रियांना हें जमत नाहीं, असें कोणी म्हणेल तर त्यानें बीट्रिस शिलिंग यांचें चरित्र पाहावें. या इंग्रज बाई एंजिनिअर होत्या. 1934 सालीं ब्रुकलंड्सच्या शर्यतपथावर नॉर्टन मोटारसायकलीनें ताशीं शंभर मैलांहून अधिक वेगानें फेरी पुरी करून त्यांनीं तेथील सुवर्णतारा मिळविला. पुढें दुसऱ्या महायुद्धांत विमानानें एकाएकीं नाक खालीं केलें कीं मर्लिन एंजिन अडखळत असे. त्यावर त्यांनीं इंधनाच्या वाटेंत बसविण्याची लहानशी चकती शोधून काढली आणि वैमानिकांची मोठी अडचण दूर केली. वेगाची आवड आणि यंत्राची समज एकाच ठिकाणीं कशी नांदते, याचा हा दाखला आहे. तो मीं भावाला सांगितला. तो म्हणाला, “दादा, त्या बाई इंग्लंडांत होत्या. आपले रस्ते तूं पाहतोस.” हाही मुद्दा खोटा नव्हता.

शेवटीं प्रकरण आईपुढें गेलें. तिनें दोन्ही बाजू ऐकल्या, आणि मला विचारलें, “तुला शिकवतां येतें कीं नाहीं?”

“येतें,” मी म्हणालों.

“मग तूं शिकव. नाहीं म्हटलें तर ती दुसरीकडे शिकेल, आणि तिथें तुझ्यासारखा खेंकसणारा मास्तर नसेल.”

हा निकाल लागल्यावर भावजयीनें मान खालीं घातली. पण ती अट घालून गेली, कीं पुतणी कोणत्या दिवशीं रस्त्यावर जाईल हें मीं ठरवावें, आणि त्या दिवशीं मी बरोबर असावें. ती अट मीं मान्य केली.

म्हशीवर मीं तिला शिकविलें नाहीं. जुन्या बुलेटचा ब्रेक डाव्या पायाला आणि नव्या गाड्यांचा उजव्या. अशी सवय जडली तर आणीबाणीच्या क्षणीं पाय चुकतो, आणि तो क्षण दुसरी संधि देत नाहीं. म्हणून दोन महिने शेजाऱ्यांची साधी 125 ची गाडी आणि गांवाबाहेरचें मोकळें मैदान. आधीं आडवी पडलेली गाडी पाठ ताठ ठेवून उचलण्याचा धडा. मग इंग्रजी आठाच्या आंकड्यांत, चालत्या माणसाच्या गतीनें, पाय न टेकतां फिरणें. कारण वेगानें सरळ जाणें कोणालाही जमतें, हळू जाण्यांतच कौशल्य दिसतें. मग ब्रेक. गाडी थांबतांना तिचा भार पुढें येतो, म्हणून पुढचा ब्रेक अधिक काम करतो; पण तो एकदम आवळावयाचा नाहीं, लिंबूं पिळावें तसा वाढत्या दाबानें धरावयाचा. मग वहीवर हिशेब. साठच्या वेगानें सेकंदाला सुमारें सतरा मीटर रस्ता मागें पडतो, आणि मनुष्याला धोका दिसून हात हलेपर्यंतच एक सेकंद जाऊं शकतो. वेग दुप्पट केला तर ब्रेक लागल्यापासून थांबण्याचें अंतर चौपट होतें. 2019 पासून 125 घनसेंटिमीटरांहून मोठ्या नव्या गाड्यांना चाक जखडूं न देणारी ब्रेकची योजना बंधनकारक झाली आहे. तरी पदार्थविज्ञानाचा नियम तिलाही मोडतां येत नाहीं.

हे सारे धडे तिनें कुरकुर न करतां गिरविले. दोनदां पडली, गुडघे फोडून घेतले, आणि आईपासून लपविले नाहींत, याचें मला विशेष वाटलें. त्यानंतर महिनाभर त्याच मैदानावर भावाच्या मोठ्या गाडीची ओळख झाली. फेब्रुवारी 2024 मधील एका रविवारीं मी भावजयीला सांगितलें, “उद्यां सकाळीं आम्ही घाट चढणार.” तिनें कांहीं न बोलतां देवापुढें दिवा लावला.

हँडल पुतणीच्या हातांत होतें आणि मी मागें. मागें बसणाऱ्याचें एक शास्त्र आहे, तें मीं त्या दिवशीं शिकलों. वळणावर गाडी कलली कीं मागच्याला भय वाटून तो उलट बाजूला झुकूं पाहतो. तसें केलें तर चालविणाऱ्याचा तोल बिघडतो. त्यानें चालविणाऱ्याच्या खांद्यावरून वळणाच्या आंतल्या बाजूस पाहावें आणि देह गाडीबरोबर जाऊं द्यावा. पहिल्या दोन वळणांवर माझे गुडघे आवळलेले होते. तिसऱ्यावर मीं ते सैल सोडले. आमच्या घरांतील सर्व माणसें आजवर माझ्या मागें बसत आलीं होतीं; आई, कुटुंब, मुलें, हीच पुतणी टाकीवर बसून शाळेंत गेलेली. आपला जीव दुसऱ्याच्या हातीं देऊन निश्चिंत बसणें म्हणजे काय, हें त्या सर्वांना ठाऊक होतें. मला तें सहासष्टाव्या वर्षीं कळलें. वरच्या सरळ रस्त्यावर तिनें एकदां मूठ पिळली, आणि हेल्मेटांतून तिचें हंसणें मला ऐकूं आलें. लगेच तिनें वेग उतरविला. मीं कांहीं सांगण्याची आवश्यकता पडली नाहीं.

घरीं आलों तेव्हां भावजय ओसरीवर तांदूळ निवडीत बसली होती. निवडलेले तांदूळ तिनें पुन्हां निवडावयास घेतलेले दिसत होते. एकत्र कुटुंबांतला स्वार एकटा कधींच नसतो. रस्त्यावर एक गाडी जाते, आणि घरांत दहा माणसांचें लक्ष दाराच्या कडीकडे असतें. हें ओझें आहे, असें तरुणांना वाटतें. माझ्या मतें वळणाआधीं मूठ सैल करावयास लावणारा तो सर्वांत भरंवशाचा ब्रेक आहे. आणि तो कोणत्याही कारखान्यांत बनत नाहीं.

त्याच वर्षीं माझ्या डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दृष्टि चांगली आहे, पण हाताला आज्ञा पोहोंचावयास पूर्वींपेक्षां निमिषभर अधिक लागतें, हें मला जाणवतें. म्हणून सूर्यास्तानंतर मी आतां गाडी चालवीत नाहीं, पन्नासापुढें कांटा नेत नाहीं, आणि घाट तर सोडूनच दिला आहे. म्हैस अजून गोठ्यांत आहे. रविवारीं मी तिला पुसतों, विधिपूर्वक जागी करतों आणि कृष्णेच्या पुलापर्यंत फिरवून आणतों. मोठें सुख सोडतांना मला वाईट वाटलें नाहीं असें म्हटलें तर तें खोटें होईल. पण घाट चढावासा वाटला कीं पुतणी पुण्याहून येण्याची वाट पाहावयाची सोय आतां झाली आहे.

ज्या घरांतून हा प्रश्न उद्यां उभा राहील तेथील वडीलधाऱ्यांना एका जुन्या मास्तराची एवढीच विनंती आहे. मुलानें वा मुलीनें मोठी गाडी मागितली तर एकदम नकार देऊं नये आणि एकदम रुकारही देऊं नये. आधीं विचारावें कीं, पडलेली गाडी तुला एकट्यानें उचलतां येते का? चालत्या माणसाच्या गतीनें ती तुला चालवितां येते का? आणि घरीं कोण कोण तुझी वाट पाहत बसेल, त्यांचीं नांवें तुला सांगतां येतात का? तिन्ही उत्तरें समाधानकारक आलीं, तर लायसेन्स आणि हेल्मेट यांची व्यवस्था करून परवानगी द्यावी. एवढें करूनही मन धजत नसेल, तर स्वतः एकदां मागें बसून पाहावें. मात्र कानटोपी घरीं ठेवावी. तिच्यावर हेल्मेट नीट बसत नाहीं.